ऊस बैलगाडीतील सुधारणा : चाकापासून खांद्यापर्यंत

दिवाळी सरली की कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या काठचे साखर कारखाने सुरू होतात आणि सातारा व सांगली जिल्ह्यांच्या रस्त्यांवर उसाच्या वाहनांची रांग लागते. या रांगेत ट्रक असतात, ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या बरोबरीने बैलगाड्याही असतात. लांबचा ऊस आता बहुतांशी यांत्रिक वाहनाने येतो; पण कारखान्याच्या आसपासच्या फडांतील ऊस वाहण्याचे काम बैलगाडीने अद्याप सोडलेले नाही.

ही बैलगाडी मात्र जुन्या चित्रातील गाडी राहिलेली नाही. लाकडी चाक जाऊन रबरी टायर आला, लाकडी आखाच्या जागी लोखंडी आख आला, साट्याच्या फळ्या जाऊन लोखंडी अँगल आणि नळ्या आल्या. यांपैकी बराच बदल गावोगावच्या सुतार-लोहारांनी, पुढे वेल्डिंगच्या दुकानांतील कारागिरांनी आणि स्वतः गाडीवानांनी, हाताशी असलेल्या सामानातून, गरजेप्रमाणे घडवून आणला. स्वावलंबी तंत्रज्ञानाचे असे उदाहरण ग्रामीण भागात दुसरे सहज सापडणार नाही.

तथापि या सुधारणांचा हिशेब मांडताना एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. गाडी सुधारली, तेव्हा तिचा लाभ कोणाला मिळाला? बैलाच्या खांद्यावरील भार कमी झाला, की गाडीत भरल्या जाणाऱ्या उसाचा भार वाढला? या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या रचनेतच शोधावे लागते.

एकच परंपरा, दोन जिल्हे

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी गाडीच्या दृष्टीने हा एकच प्रदेश आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांतील नदीकाठची काळी, बागायती जमीन. पाटण आणि शिराळ्याकडील डोंगराळ, चढउताराच्या वाटा. आणि माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतील कमी पावसाचे माळरान असे तीन प्रकारचे भूभाग येथे एकमेकांना लागून आहेत. माणदेशाने या प्रदेशाला खिलार बैल दिला. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. नदीकाठाने ऊस दिला, आणि अवर्षणग्रस्त भागातील कुटुंबांनी ऊस तोडणारे हात दिले.

लोखंडाशी या भागाची ओळखही जुनी आहे. १९१० मध्ये त्या वेळच्या औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर वापरण्यास शेतकऱ्याला राजी करण्याचे काम जेथे झाले, त्याच मुलखात पुढे लाकडी गाडीची लोखंडी गाडी झाली.

जुनी गाडी : गुण आणि उणिवा

जुन्या गाडीचे चाक बाभळीच्या लाकडाचे असे. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठे आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव चढवणे हे कौशल्याचे काम होते. शेणीच्या आगीत ती लालबुंद तापवावयाची, तापल्याने ती किंचित वाढली की चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. थंड होताना धाव आकसते आणि सर्व सांधे आवळून धरते. खिळ्याशिवाय घट्ट बसणारा हा सांधा म्हणजे उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा प्रत्यक्ष धडाच होय.

या चाकाचे गुण स्पष्ट होते. ते उंच असल्यामुळे खड्ड्यातून सहज निघे, गावातच दुरुस्त होई आणि पंक्चर होत नसे. उणिवाही तितक्याच स्पष्ट होत्या. अरुंद धाव मऊ रानात रुतत असे आणि रस्ता कापत असे. आखावर तुंबा नुसताच फिरत असल्याने वंगण आटले की घर्षण वाढे. रस्त्यावरील प्रत्येक दगडाचा धक्का आखातून दांडीत आणि दांडीतून जुवात जाई. म्हणजेच तो बैलाच्या मानेवर पोहोचे.

रबरी चाकाने काय बदलले

हवा भरलेला रबरी टायर आणि त्यासोबत आलेले बॉल बेअरिंग यांनी गाडीची ओढ हलकी केली. टायर जमिनीवर पसरून टेकत असल्याने कमी रुततो, धक्के आपल्यात जिरवतो आणि डांबरी रस्त्याचे नुकसान करत नाही. बेअरिंगमुळे आखापाशी होणारे घर्षण अत्यल्प होते. साखर कारखान्यांनी अशा टायरगाड्या तोडणी कामगारांना वापरण्यास दिल्या आणि त्यावरून कामगारांच्या टोळ्यांना ‘टायर सेंटर’ असे नावही पडले. स्वतःची गाडी घेऊन येणारे ते ‘गाडी सेंटर’ आणि मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरणारे ते ‘डोकी सेंटर’.

परंतु ओढ हलकी झाली, तसा गाडीवरील उसाचा थर वाढत गेला. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस भरणे ही नेहमीची गोष्ट झाली. कायद्यातही चाक आणि भार यांचे हे नाते दिसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली ओझी ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम करण्यात आले. त्यांत २०० ते ३५० किलो वजनाचा बैल मध्यम मानला असून अशा बैलासाठी दोनचाकी गाडीच्या भाराची मर्यादा रबरी टायर नसल्यास ७०० किलो, रबरी टायर असल्यास १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असल्यास १,४०० किलो अशी दिली आहे. बेअरिंग बसले की मर्यादा दुप्पट होते. लांब आणि तीव्र चढाच्या वाटेवर मात्र ती निम्म्यावर येते. जनावराला सलग ५ तासांपेक्षा अधिक आणि दिवसभरात ९ तासांपेक्षा अधिक काळ जुंपता येत नाही. आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपण्यास मनाई आहे.

या तरतुदीमागील तर्क असा की चाक सुधारले म्हणजे त्याच श्रमात अधिक भार ओढला जातो. सपाट आणि कठीण रस्त्यावर हा तर्क बरोबर आहे. रान, चढ आणि उतार यांच्या बाबतीत तो किती टिकतो, हे एका साध्या गणिताने पाहता येईल.

ओढीचे गणित

समजा, गाडीचे वजन ५०० किलो आणि उसाचे २,००० किलो, म्हणजे एकूण २,५०० किलो आहे. चांगल्या टायरला कठीण रस्त्यावर भाराच्या २ टक्के विरोध होतो असे धरल्यास गाडी ओढण्यास ५० किलो वजनाइतका जोर लागेल. बैल दीर्घ वेळ काम करताना साधारणपणे आपल्या वजनाच्या एक दशांश इतका जोर लावू शकतो. प्रत्येकी ४०० किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे ८० किलोचा जोर. येथे ३० किलोची शिल्लक दिसते आणि ही शिल्लकच अधिक ऊस भरण्याचा मोह घालते.

आता हीच गाडी २० मीटरला १ मीटर अशा चढावर आली, तर चढासाठी एकूण वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे आणखी १२५ किलोचा जोर लागेल. एकूण जोर १७५ किलो झाला. जोडीच्या सोसण्याच्या शक्तीच्या दुपटीहून अधिक. पाणी दिलेल्या मऊ रानातून गाडी बाहेर काढताना विरोध १० टक्के धरला, तर २५० किलोचा जोर हवा. थोडा वेळ बैल असा जोर लावतो खरा. पण तो लावताना त्याचे गुडघे टेकतात, पाय घसरतो आणि आसूड उठतो तोही येथेच. टायर आणि बेअरिंग सपाट रस्त्यावरील ओढ कमी करतात. चढामुळे वाढणारी ओढ वजन आणि चढाची तीव्रता यांवर अवलंबून असते, तिला चाकाचा उपाय नाही.

खांद्यावरचा भार

ओढीपेक्षा वेगळा आणि अधिक दुर्लक्षित प्रश्न म्हणजे मानेवर वरून पडणारा भार. दोनचाकी गाडी ही आखावर तोललेली तरफ आहे. भाराचा मध्य आखाच्या पुढे असला, तर दांडी खाली दबते आणि जू मानेवर बसते. तो आखाच्या मागे गेला, तर गाडी उलाळते, दांडी वर उठते आणि जोते बैलाच्या गळ्याला आवळते.

आखापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर आणि उसाचा भार २,००० किलो धरू. भाराचा मध्य आखाच्या पुढे १५ सेंटिमीटर असेल, तर जुवावर १०० किलो, म्हणजे प्रत्येक मानेवर ५० किलो भार येतो. तोच मध्य ५ सेंटिमीटर पुढे ठेवला, तर जुवावर सुमारे ३३ किलो येतात. उसाच्या मोळ्या १० सेंटिमीटर मागे सरकवून रचल्या एवढ्यानेच दोन्ही मानांवरचे मिळून ६७ किलो उतरतात. या सुधारणेस एक पैसाही खर्च नाही.

मात्र मोळ्या किती उंच रचल्या आहेत, यावरही तोल ठरतो. भाराचा मध्य आखाच्या वर १ मीटर असेल, तर विसात एक या उतारावर तो ५ सेंटिमीटर पुढे आणि तशाच चढावर ५ सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा होतो. सपाटीवर ३३ किलो असलेला जुवावरील भार उतारावर ६७ किलो होतो आणि चढावर नाहीसा होतो. म्हणून सपाटीवर जुवावर थोडा भार असावा, पण तो थोडाच असावा. आणि मोळ्या उंच रचण्याऐवजी साट्याच्या लांबीत सारख्या पसराव्यात.

टायर बसवताना येथे एक चूक हमखास होते. जुने लाकडी चाक उंच होते, म्हणून आख आणि जू यांच्या उंचीत फारसा फरक नसे. टायरचे चाक लहान असते. दांडी पूर्वीसारखीच सरळ ठेवली, तर तिचे पुढचे टोक वर चढते, साट्याचा मागचा भाग खाली झुकतो आणि ऊस मागे सरकून गाडी उलाळते. ते टाळण्यासाठी गाडीवान पुढे अधिक मोळ्या रचतो आणि सपाटीवर सारा भार मानेवर येतो. यावर उपाय म्हणजे साटा सपाट राहील अशा बेताने दांडीला बाक देणे, किंवा आख आणि साटा यांच्यामध्ये योग्य उंचीची बैठक वेल्ड करणे. चाक बदलणाऱ्या कारागिराने बैल जुंपून, जुवाची उंची मोजूनच दांडी जोडावी.

मानेवरील भाराचा परिणाम खांदेसूज आणि आवाळू या विकारांत दिसतो. जू सतत एकाच जागी घासते, कातडी सोलते, सूज येते, पुढे गाठ होते. सातारा-सांगलीकडे आषाढात बेंदूर साजरा होतो आणि बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले जातात. वर्षभर ओझे सोसणाऱ्या खांद्याची ही आठवण समाजाने जपली आहे. जुवाची खालची बाजू गुळगुळीत आणि मानेच्या आकाराची करणे, तिला रुंद चामड्याची किंवा जाड कापडाची गादी बांधणे आणि ती गादी कोरडी व स्वच्छ ठेवणे, हे त्या आठवणीचेच रोजच्या कामातील रूप ठरेल.

पुढचे लहान चाक

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक असलेले प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न देशापुढे आग्रहाने मांडला. जनावरांची शक्ती हा राष्ट्राच्या ऊर्जेचा मोठा भाग असूनही गाडी आणि जू यांच्या रचनेकडे अभियंत्यांनी लक्ष दिले नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या विचाराशी जुळणारा एक प्रयोग सांगली जिल्ह्यातच झाला. वाळवा तालुक्यातील साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाचा फिरता आधार तयार केला. दोन बैलांच्या मध्ये, जुवाच्या बाजूला जोडलेले हे एक लहान चाक असून गाडीच्या पुढच्या भागाचा भार ते जमिनीवर उतरवते. २०२२ मध्ये या प्रयोगाची देशभर चर्चा झाली.

या चाकाचे गणित उद्बोधक आहे. जुवावरील १०० किलो भार या चाकावर आला, तर तो ओढण्यास कठीण रस्त्यावर अवघे २ ते ५ किलो अधिक जोर पुरतो. मानेवरील १०० किलो उतरवण्याची ही किंमत क्षुल्लक आहे. गावातील वेल्डिंगच्या दुकानात असा आधार तयार करताना मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. चाक वळणावर आपोआप फिरले पाहिजे. बैलांच्या उंचीप्रमाणे आधाराची उंची कमीजास्त करण्याची सोय हवी. चाक बैलांच्या पायांना लागता कामा नये. चिखलात रुतू नये म्हणून ते वर उचलून अडकवता यावे. आणि ते बसवल्यावर मान मोकळी झाली म्हणून साट्यात पुढे आणखी मोळ्या रचू नयेत. तसे झाल्यास रबरी चाकाच्या बाबतीत घडले तेच पुन्हा घडेल.

फिरत्या आधाराची सोय नसेल, तेथे साधा टेकूही मोठे काम करतो. कारखान्याच्या गाडीतळावर वजनकाट्यापाशी गाड्या तासन् तास थांबतात. रांग अधूनमधून पुढे सरकत असल्याने बैल सोडता येत नाहीत आणि उभ्या गाडीचा भार मानेवरच राहतो. दांडीला बिजागरीने जोडलेला, थांबताच खाली पडणारा आणि निघताना दोरीने वर ओढता येणारा लोखंडी टेकू थोड्या खर्चात होतो.

उतार आणि ब्रेक

गाडी हलकी चालू लागली की ती थांबवणे कठीण होते. जुन्या चाकाचे घर्षण हा एक दोष होता. पण उतारावर तोच ब्रेकचे काम करी. बेअरिंगने तो दोष काढला आणि त्याबरोबर ब्रेकही काढला. वरील उदाहरणातील २,५०० किलोची गाडी विसात एक या उतारावर, टायरचा ५० किलोचा विरोध वजा जाता, ७५ किलोच्या जोराने बैलांना मागून ढकलते. हा जोर बैल आपल्या मानेने आणि पुढच्या पायांनी अडवतात. ओढ्याच्या उतारावर बैल घसरून गाडी अंगावर येण्याचे अपघात यातूनच होतात.

म्हणून टायर आणि बेअरिंग यांच्या जोडीला ब्रेक ही गाडीची आवश्यक सुधारणा मानली पाहिजे. टायरवर लाकडी ठोकळा दाबणारा, गाडीवानाच्या हाताशी तरफ असलेला ब्रेक सर्वांत सोपा. त्याने टायर झिजतो, परंतु जीव वाचतो. आखाला ड्रम असेल, तर त्यातील ब्रेकला तार आणि तरफ जोडणे अधिक चांगले. दोन्ही चाकांवर सारखा दाब येतो की नाही हे रिकामी गाडी चालवून पाहावे. अन्यथा गाडी एका बाजूला ओढली जाते. उटीसाठी लाकडाचे दोन पाचरी ठोकळे साखळीने गाडीलाच बांधलेले असावेत, म्हणजे ऐन वेळी दगड शोधत फिरावे लागत नाही आणि वापरलेला दगड रस्त्यावर पडून दुसऱ्याच्या अपघाताला कारण होत नाही.

गाडी हेच घर

तोडणी कामगारांच्या कुटुंबाला गाडी हे केवळ वाहन नाही. स्वतःची गाडी घेऊन निघणारी कुटुंबे भांडीकुंडी, धान्य, अंथरूण, कोंबड्या आणि लहान मुले घेऊन हंगामासाठी घर सोडतात. मुक्कामाला उसाच्या पाचटाची कोपी उभी राहीपर्यंत गाडीखालची सावली हीच त्यांची वसती असते. या दृष्टीनेही काही सुधारणा सहज करता येतात. साट्याखाली, आखाच्या पुढे-मागे सारख्या वजनाच्या दोन पेट्या टांगल्या, तर सामान सुरक्षित राहते आणि तोलही बिघडत नाही. लोखंडी नळीच्या कमानी काढघाल होतील अशा बसवून त्यांवर ताडपत्री टाकल्यास प्रवासात सावली मिळते आणि तीच ताडपत्री मुक्कामी आडोसा होते. पाण्याचा डबा साट्याला पट्टीने घट्ट बांधावा. भरलेल्या उसाच्या गाडीवर लहान मूल बसवणे मात्र कोणत्याही सुधारणेने सुरक्षित होत नाही. हंगामात ते मूल शाळेत किंवा अंगणवाडीत असणे हाच त्यावरील उपाय होय.

रात्रीची वाट

ऊस पहाटे आणि रात्री वाहिला जातो. साट्याबाहेर लोंबणारे वाढे मागील पाटी आणि दिवा झाकून टाकतात. पूर्वी गाडीच्या आखाखाली कंदील टांगण्याची पद्धत होती. त्यामागचा विचार आजही योग्य आहे. लाल रिफ्लेक्टर साट्याच्या मागील दोन्ही टोकांना, वाढ्यांनी झाकले जाणार नाहीत अशा खालच्या बाजूस लावावेत, पुढे पांढरे लावावेत आणि चाकाच्या बाजूनेही एक असावा. धूळ बसलेला रिफ्लेक्टर नसल्यासारखाच असतो. तो रोज पुसला पाहिजे. बॅटरीवर चालणारा लहान लाल दिवा आता स्वस्तात मिळतो.

ट्रॅक्टरमागील गाड्या

बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा बैलगाडीसारख्याच एकआखी गाड्या एकामागे एक जोडून ओढण्याची रीत पडली. तिला कोठे ‘अंगद’ म्हणतात, कोठे ‘जुगाड’. बैलाच्या मानेचा प्रश्न येथे सुटला, पण तोल आणि ब्रेक यांचे प्रश्न मोठे झाले. मागील गाड्यांना ब्रेक नसेल, तर उतारावर त्या सर्व मिळून ट्रॅक्टरला ढकलतात आणि वळणावर त्याला आडवा करतात. जोडणीची खीळ झिजली किंवा तिला अटकाव नसला, तर मागची गाडी सुटून रस्त्यावर येते. शिवाय हे मोटार वाहन असल्याने १९८८ चा मोटार वाहन अधिनियम त्यास लागू होतो. नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास त्यातील कलम ५२ प्रतिबंध करते. म्हणून बैलगाडीत कारागिराला जी मोकळीक आहे, ती ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये नाही. साट्याची लांबी किंवा उंची वाढवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आवश्यक आहे.

गावपातळीवर काय करता येईल

गाडीची मालकी, बैलांची मालकी आणि उसाची मालकी बहुधा वेगवेगळ्या हातांत असते. बैल अनेकदा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर खरेदी केलेला असतो. बैल निकामी झाला, तर खेप थांबते आणि कर्ज तसेच राहते. तो तोटा एकट्या तोडणी कामगाराच्या वाट्याला येतो. गाडीतील सुधारणा ही म्हणून त्या कुटुंबाच्या पोटापाण्याची बाब आहे.

ग्रामपंचायतींना यात बरेच करता येईल. शेतातून डांबरी रस्त्याला मिळणाऱ्या पाणंदीचा शेवटचा तुकडा मुरूम टाकून पक्का केला, तर मऊ रानातील जीवघेणी ओढ कमी होते. ओढ्याच्या चढाची कापणी करून तो सौम्य करणे, गतिरोधकाची चढण पसरट ठेवणे आणि कारखान्याच्या वाटेवर जनावरांसाठी पाण्याचा हौद भरलेला ठेवणे ही कामेही गाडीच्याच सुधारणा होत. हंगामापूर्वी गावातील वेल्डिंग कारागीर, पशुवैद्यकीय अधिकारी आणि गाडीवान यांना एकत्र बोलावून प्रत्येक गाडीचा तोल, ब्रेक, जू आणि रिफ्लेक्टर तपासण्याचा एक दिवस ठरवता येईल.

शाळांतील शिक्षकांना तर हा तरफेचा आयताच पाठ आहे. गाडी नेहमीसारखी भरून, चाकांना उटी लावून, बैल सोडावेत आणि दांडीचे टोक जुवाच्या उंचीवर वजनकाट्यावर टेकवावे. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे दोन मानांवरचा भार. मग चार मोळ्या पुढून मागे नेऊन पुन्हा वजन पाहावे. प्रयोग करताना प्रौढ गाडीवान जवळ असावा आणि गाडीखाली कोणी जाऊ नये. गाडीवानाच्या घरातील मुलाला त्या दिवशी वर्गात इतरांपेक्षा अधिक माहिती असेल, हाही या पाठाचा एक लाभ.

सुधारणांचा क्रमही ठरवून घेणे इष्ट आहे. प्रथम ज्यास खर्च नाही ते : मोळ्यांची रचना, वंगण, टायरमधील हवा, जुवाची स्वच्छता. त्यानंतर अल्प खर्चाचे : गादी, टेकू, उटी, रिफ्लेक्टर. मग ब्रेक आणि दांडीचा बाक. शेवटी पुढचे फिरते चाक. आणि या सर्वांत एक अट कायम : सुधारणेने जे ओझे कमी झाले, ते साट्यात नव्या मोळ्यांच्या रूपाने परत येऊ नये. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे वजन नोंदले जातेच. भाराची मर्यादा पाळली गेली की नाही, हे सांगणारा पुरावा त्याच नोंदीत असतो; तो वाचण्याची सवय तेवढी लावून घेतली पाहिजे.